जोडणी तुटते कोठे?

महिन्याचा पहिला आठवडा होता. डोंगराच्या कुशीत वसलेल्या एका गावातील रास्त भाव दुकानासमोर सकाळपासूनच रांग लागली होती. दौऱ्याच्या निमित्ताने त्या गावी जाण्याचा योग आला असता प्रस्तुत लेखकही तेथे थोडा वेळ थांबला. रांगेत सर्वांत पुढे सत्तरीच्या घरातील एक आजीबाई उभ्या होत्या. दुकानदाराने ई-पॉस यंत्रावर त्यांचे बोट तीन वेळा ठेवून पाहिले, यंत्राच्या पडद्याकडे निरखून पाहिले आणि मान हलविली.

"आजी, सर्व्हर डाऊन आहे. उद्या या."

"अरं, काल बी तू हेच म्हणालास की," आजीबाई म्हणाल्या. "दोन दिस झालं, मजुरी बुडतीया माझी."

समोरच ग्रामपंचायतीचे कार्यालय होते. तेथेही एक तरुण मुलीच्या शाळाप्रवेशासाठी जन्माचा दाखला मागत उभा होता आणि संगणक परिचालकाने त्यालाही नेमके तेच उत्तर दिले होते. सर्व्हर डाऊन! रस्त्याच्या अलीकडे व पलीकडे एकच निदान झाले होते आणि दोन्ही ठिकाणी ते चुकीचे होते, हे दुपारपर्यंत स्पष्ट झाले. त्या दिवशी सर्व्हर सुरळीत चालू होता. दुकानातील बिघाड एका प्रकारचा होता, कार्यालयातील दुसऱ्या प्रकारचा. आणि दोन्ही बिघाड गावातच दूर होण्यासारखे होते.

आज शिधावाटप, दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, मजुरांची हजेरी, करवसुली अशी गावपातळीवरील बहुतेक कामे दूरच्या संगणकाशी जोडलेल्या यंत्रांवर चालतात. यंत्र बंद पडले की सेवा थांबते आणि सेवा थांबली की त्याचा भार सर्वप्रथम गरिबावर पडतो. यास्तव जोडणी कोठे व कशी तुटते, ती कशी शोधावी आणि शोध लागेपर्यंत नागरिकाचे काम कसे चालू ठेवावे, याची माहिती अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना असणे अगत्याचे आहे. त्यासाठी अभियंता असण्याची आवश्यकता नाही. शिस्तबद्ध रीतीने पाहण्याची सवय मात्र हवी.

पहिला संदेश आणि पहिला बिघाड

संगणकांच्या जाळ्यावरून गेलेल्या पहिल्याच संदेशाला बिघाडाने गाठले होते. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी रात्री साडेदहाच्या सुमारास अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संगणकावरून सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर असलेल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाला 'लॉगिन' हा शब्द पाठविण्याचा प्रयत्न झाला. चार्ली क्लाइन हा विद्यार्थी एकेक अक्षर टंकित करीत होता आणि पलीकडे बिल ड्युव्हल ते पोहोचले की नाही हे दूरध्वनीवरून सांगत होते. 'एल' पोहोचले. 'ओ' पोहोचले. 'जी' टंकित करताच पलीकडचे यंत्र कोलमडले. त्या यंत्रात अक्षरे तात्पुरती साठविण्यासाठी राखलेली जागा अपुरी पडली होती. ती वाढविण्यात आली आणि सुमारे तासाभराने जोडणी यशस्वी झाली. या जोडणीची नोंद त्याच रात्री वहीत वेळेसह करण्यात आली. ती आजही उपलब्ध आहे.

या लहानशा प्रसंगात जोडणी तपासण्याचे सारे शास्त्र सामावलेले आहे. एका वेळी एकच पाऊल टाकावे. प्रत्येक पावलानंतर ते पोहोचले की नाही याची खात्री करावी. ही खात्री करण्यासाठी दुसरे स्वतंत्र साधन हाती ठेवावे. आणि घडले ते लिहून ठेवावे.

संदेशाचा प्रवास

आजीबाईंच्या बोटाचा ठसा यंत्राने घेतला की तो कोठे जातो, हे प्रथम पाहू. यंत्र तो ठसा सांकेतिक रूपात बंदिस्त करते. तेथून तो सिमकार्डाच्या साहाय्याने जवळच्या मनोऱ्याकडे, अथवा तारेने वा वाय-फायने राउटरकडे जातो. पुढे दूरसंचार कंपनीच्या जाळ्यातून तो शिधावाटपाच्या मुख्य संगणकाकडे आणि तेथून आधारच्या केंद्रीय भांडाराकडे पोहोचतो. तेथे ठसा ताडून पाहिला जातो आणि 'होय' वा 'नाही' एवढे उत्तर त्याच वाटेने परत येते. हा सारा प्रवास सुरळीत असेल तर काही क्षणांत संपतो.

टपालाची उपमा येथे उपयोगी पडेल. पत्र पोहोचण्यासाठी ते लिहिलेले हवे, पेटीत पडलेले हवे, त्यावर पत्ता बरोबर हवा, वाटेतील टपाल कार्यालये चालू हवीत, आणि घेणारा घरी हवा. यांपैकी काहीही चुकले तरी पाठविणाऱ्याला एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे उत्तर आले नाही. 'सर्व्हर डाऊन' म्हणणे म्हणजे दर वेळी घेणारा घरी नाही असे गृहीत धरणे होय. प्रत्यक्षात अनेकदा पत्र आपल्याच पेटीत पडून असते.

म्हणून तपासणीचा क्रम आपल्या हाताजवळून सुरू करावा आणि दूरवर न्यावा.

पहिली पायरी : वीज, तार आणि दिवे

ग्रामपंचायतीत इंटरनेट येते ते पुष्कळ ठिकाणी प्रकाशतंतूच्या तारेतून. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती अशा तारेने जोडण्याच्या योजनेस केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. २०१५ पासून ती 'भारतनेट' या नावाने ओळखली जाते. या तारेच्या टोकाला कार्यालयाच्या भिंतीवर एक लहान पेटी बसविलेली असते. तारेतून आलेल्या प्रकाशाचे विद्युत्संकेतात रूपांतर करणे, हे तिचे काम. या पेटीवरील दिवे म्हणजे बिघाडाची पाटीच होय. मात्र ती वाचण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

विजेचा दिवा लागलेला नसेल तर पुढचे काहीही तपासण्यात अर्थ नाही. अडॅप्टर, खटका व विद्युत्घट हेच पाहावे. वीज आहे, परंतु तारेच्या हानीचा लाल दिवा लागला आहे, असे दिसल्यास प्रकाश पेटीपर्यंत पोहोचतच नाही असे समजावे. अशा वेळी आतील पिवळी अथवा पांढरी बारीक तार खिळ्याभोवती वळविलेली, कपाटामागे दाबली गेलेली वा उंदराने कुरतडलेली नाही ना, हे पाहावे. काचेचा तो तंतू केसाइतका बारीक असतो. तांब्याच्या तारेसारखी त्याची घट्ट घडी केली तर प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो आणि तंतू तुटण्याचाही संभव असतो. तारेच्या उघड्या टोकात मात्र कधीही डोकावून पाहू नये. त्यातील प्रकाश दिसत नाही, तथापि डोळ्यास अपाय करू शकतो.

तार आत ठीक असूनही लाल दिवा तसाच राहिला तर दोष गावाबाहेर आहे. रस्तारुंदीकरणात, पाण्याची वाहिनी टाकताना वा गटार खोदताना ही तार तुटते, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. खोदकामाची परवानगी देताना तारेचा मार्ग कंत्राटदारास दाखविणे, एवढी दक्षता पंचायतीने घेतली तर बराच त्रास वाचेल. आरंभीच्या रचनेत गावे एकामागून एक अशा ओळीत जोडली जात. त्यामुळे मध्ये एके ठिकाणी तार तुटली की पुढची सारी गावे अंधारात जात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात वर्तुळाकार रचना स्वीकारण्यात आली. वर्तुळ एका ठिकाणी तुटले तरी दुसऱ्या बाजूने वाट राहते, हा तिचा लाभ होय.

पेटीपासून संगणकापर्यंतची तार तांब्याची असते. तिच्यात आठ तारांच्या चार जोड्या असतात आणि तिची लांबी १०० मीटरपेक्षा अधिक असू नये असा संकेत आहे. तिचे टोक खोबणीत बसताना 'टक्' असा आवाज येतो. टोकावरील प्लॅस्टिकची जीभ मोडली असेल तर झाडलोट करताना लागलेल्या धक्क्यानेही तार सैल होते आणि जोडणी येत-जात राहते. अशा वेळी दुसरी चांगली तार लावून पाहणे, हा सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय होय.

दुसरी पायरी : घरचे जाळे

पुष्कळांचा असा समज असतो की, वाय-फायची खूण दिसली म्हणजे इंटरनेट आहे. हा समज दूर करणे आवश्यक आहे. ती खूण फक्त एवढेच सांगते की, यंत्र व राउटर यांचे परस्परांशी बोलणे चालू आहे. राउटरच्या पुढे वाट आहे की नाही, हे ती सांगत नाही. शाळेतील टॅबवर खूण पूर्ण दिसते आणि धडा मात्र उघडत नाही, त्याचे कारण हेच.

खूणच क्षीण असेल तर जागा बदलून पाहावी. जाड दगडी भिंत, लोखंडी कपाट व पत्र्याचे छप्पर हे रेडिओलहरींचे मोठे अडथळे होत. राउटर लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवणे सुरक्षिततेच्या दृष्टीने बरे वाटते. जोडणीच्या दृष्टीने ते घातक आहे. आजची राउटर यंत्रे बहुधा २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. पहिला पट्टा दूर पोहोचतो व भिंतीतून बऱ्यापैकी जातो. दुसरा वेगवान आहे, परंतु त्याचा पल्ला कमी. जुने छपाई यंत्र वा जुना संगणक अनेकदा पहिलाच पट्टा ओळखतो. नवा राउटर आणल्यावर छपाई यंत्र अकस्मात 'हरवते', त्याचे कारण पुष्कळदा येथे सापडते.

जाळ्यात शिरणाऱ्या प्रत्येक यंत्राला राउटर एक अंकांचा पत्ता देतो. संगणकाच्या जाळे-विषयक माहितीत तो पाहता येतो. तो १९२.१६८ किंवा १० अशा अंकांनी सुरू होत असेल तर सामान्यतः राउटरने पत्ता दिला आहे असे समजावे. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाने राउटरला हाक मारली, उत्तर आले नाही आणि शेवटी त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण केला, असा त्याचा अर्थ होतो. मग दोष संगणक व राउटर यांच्यामध्येच शोधावा. सर्व्हरला दोष देण्याचे कारण उरत नाही.

सर्व यंत्रे बंद करून पुन्हा सुरू करण्याचा उपाय सर्वांना ठाऊक आहे. त्याचा क्रम मात्र क्वचितच पाळला जातो. प्रथम सर्व बंद करून मिनिटभर थांबावे. नंतर भिंतीवरची पेटी सुरू करून तिचे दिवे स्थिर होऊ द्यावेत. मग राउटर, आणि सर्वांत शेवटी संगणक. मागच्या यंत्राची जोडणी होण्यापूर्वीच पुढचे सुरू केले तर ते रिकाम्या हाताने परतते. राउटरच्या पाठीमागील टाचणीने दाबावयाची कळ मात्र उगाच दाबू नये. तिने सर्व मांडणी पुसली जाते आणि लहान बिघाडाचा मोठा होतो.

तिसरी पायरी : बाहेरची वाट

आता गावाबाहेर पाहू. येथे 'दुसरे स्वतंत्र साधन' उपयोगी पडते. कार्यालयातील संगणकावर संकेतस्थळ उघडत नसेल तर तेच संकेतस्थळ मोबाइलवर, वाय-फाय बंद करून, मोबाइल कंपनीच्या जाळ्यावरून उघडून पाहावे. मोबाइलवर ते उघडले तर सर्व्हर चालू आहे, आपली वाट बंद आहे. दोन्हीकडे उघडले नाही, परंतु इतर संकेतस्थळे उघडतात, तर दोष पलीकडे असण्याचा संभव अधिक. या एका चाचणीला दोन मिनिटे लागतात आणि निम्मे प्रश्न तेथेच निकालात निघतात.

संगणकात 'पिंग' नावाची एक साधी आज्ञा असते. ती दूरच्या संगणकाला लहानशी हाक देते आणि प्रतिध्वनी किती वेळात आला ते सांगते. १९८३ मध्ये माइक म्यूस या अमेरिकी संशोधकाने ती तयार केली आणि पाणबुडीचा शोध घेणाऱ्या ध्वनियंत्राच्या आवाजावरून तिला हे नाव दिले. प्रथम राउटरला हाक द्यावी, नंतर बाहेरच्या एखाद्या संगणकाला. राउटर उत्तर देतो आणि बाहेरून उत्तर येत नाही, तर वाट राउटरच्या पुढे तुटली आहे. काही सर्व्हर सुरक्षिततेसाठी अशा हाकेला मुद्दाम उत्तर देत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. एकाच हाकेवरून निष्कर्ष काढू नये.

कधी कधी वाट खुली असते, परंतु नावावरून पत्ता सापडत नाही. आपण संकेतस्थळाचे नाव टंकित करतो. यंत्रांना मात्र अंकांचा पत्ता लागतो. नावाचा पत्ता करून देणारी एक स्वतंत्र सेवा असते. ती बंद पडली की अंकांच्या पत्त्याला दिलेली हाक पोहोचते, पण नावाने काहीच उघडत नाही. गावात टपाल कार्यालय चालू असावे, पण घर कोणाचे कोणते हे सांगणारा पोस्टमनच रजेवर जावा, तसाच हा प्रकार. राउटर पुन्हा सुरू करून हा दोष न गेल्यास सेवा देणाऱ्या यंत्रणेस तो नेमक्या शब्दांत कळवावा.

ज्या यंत्रात सिमकार्ड आहे, त्याच्या बाबतीत मनोऱ्याचा संकेत पुरेसा आहे काय, सिमचा भरणा संपला आहे काय, आणि यंत्रात दोन सिमची सोय असल्यास दुसऱ्या कंपनीचे सिम चालते काय, या तीन गोष्टी पाहाव्यात. आरंभी सांगितलेल्या दुकानात नेमका हाच प्रकार होता. ई-पॉस यंत्र पत्र्याच्या आतल्या खोलीत, धान्याच्या पोत्यांमागे ठेवलेले होते. ते ओसरीवर आणताच पडद्यावर संकेताच्या दोन रेघा उमटल्या आणि रांग पुढे सरकू लागली.

चौथी पायरी : घड्याळ

ग्रामपंचायतीतील बिघाड अधिक चमत्कारिक होता. तार ठीक, दिवे हिरवे, पत्ता बरोबर, आणि तरीही शासकीय संकेतस्थळ उघडू म्हटले की 'जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा येई. कोपऱ्यातील तारखेकडे सहज दृष्टी गेली आणि उलगडा झाला. संगणक आपल्या मते काही वर्षे मागे जगत होता.

याचे कारण असे. सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटविण्यासाठी संगणकाला एक प्रमाणपत्र दाखविते. त्यावर ते कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत ग्राह्य आहे, हे लिहिलेले असते. संगणकाची तारीख त्या मुदतीच्या बाहेर असेल तर खरे प्रमाणपत्रही त्याला खोटे वाटते आणि तो दार लावून घेतो. आधारच्या पडताळणीतही प्रत्येक मागणीवर वेळ नोंदलेली असते. ती फार जुनी अथवा भविष्यातील असल्यास मागणी नाकारली जाते.

संगणक बंद असतानाही घड्याळ चालू राहावे म्हणून आतील पाटीवर नाण्याच्या आकाराचा ३ व्होल्टचा एक घट बसविलेला असतो. काही वर्षांनी तो संपतो. मग वीज गेली की तारीख मागे जाते. हा घट अल्प किमतीत मिळतो आणि कोणताही दुरुस्तीकार तो काही मिनिटांत बदलतो. सकाळी संगणक सुरू केल्यावर प्रथम तारीख व वेळ पाहावी, अशी पाटी प्रत्येक कार्यालयात लावण्यास हरकत नाही. तो इशारा डावलून पुढे जाण्याची सवय मात्र लावून घेऊ नये. तारीख बरोबर असूनही असा इशारा आला तर संकेतस्थळच खोटे असू शकते.

पाचवी पायरी : उपकरणाची ओळख

ठसा घेणाऱ्या यंत्राचा दिवा लागतो, परंतु संकेतस्थळ म्हणते 'उपकरण सापडले नाही'. असे झाल्यास जोडणी इंटरनेटवर तुटलेली नसून संगणकाच्या आतच तुटलेली असते. आधारसाठी केवळ नोंदणीकृत उपकरणेच चालतात आणि त्यांच्यासोबत संगणकात एक सेवाप्रणाली सतत चालू असावी लागते. उपकरण व संकेतस्थळ यांच्यामधील ती दुभाषी होय. संगणकातील एखाद्या अद्ययावतीकरणानंतर ती बंद पडते, वा उपकरणाच्या नोंदणीची मुदत संपते. उपकरण दुसऱ्या खोबणीत लावणे, सेवाप्रणाली पुन्हा सुरू करणे आणि नोंदणीची मुदत तपासणे, हा येथील क्रम.

याहून महत्त्वाचा भेद पुढे आहे. 'जोडणी झाली नाही' आणि 'ठसा जुळला नाही' या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. आधारच्या पडताळणीत ३०० या क्रमांकाचा संदेश आला, तर त्याचा अर्थ ठसा जुळला नाही असा होतो. म्हणजेच संदेश केंद्रापर्यंत गेला, उत्तरही आले आणि जोडणी उत्तम आहे. ३३० हा क्रमांक आल्यास त्या व्यक्तीच्या जैविक खुणा कुलूपबंद केलेल्या आहेत. अशा वेळी राउटर बंद-चालू करण्यात वेळ घालविणे निरर्थक होय. शेतात राबणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, विटा वाहणाऱ्या हातांचे ठसे झिजतात. बोट पुसून, किंचित ओलसर करून, दुसरे बोट ठेवून पाहावे. तेही जमले नाही तर, जेथे सोय असेल तेथे, बुबुळाची वा मोबाइलवरील संकेतांकाची पद्धत वापरावी. पडद्यावरील संदेश क्रमांकासह वाचणे म्हणूनच आवश्यक आहे.

जेव्हा दोष खरोखरच दूर असतो

सर्व्हर कधी बंद पडतच नाही, असे नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, अर्जाच्या अखेरच्या दिवशी, निकालाच्या सकाळी लाखो मागण्या एकदम येतात आणि केंद्रावर ताण पडतो. अशा वेळी कळ पुनःपुन्हा दाबल्याने ताण वाढतोच. शिवाय एकच व्यवहार दोनदा नोंदला जाण्याचा धोका असतो. उत्तर आले नाही म्हणजे व्यवहार झाला नाही, असे समजू नये. मागणी पोहोचून केवळ उत्तर वाटेत हरवलेले असू शकते. पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी मागील व्यवहाराची स्थिती तपासावी, विशेषतः धान्य व पैसा यांच्या बाबतीत.

दोष दूरचा आहे असे ठरले की तक्रार करावी. परंतु ती नेमकी असावी. 'नेट चालत नाही' या तक्रारीवर तंत्रज्ञ काय करणार? प्रत्येक कार्यालयात, शाळेत व दुकानात एक बिघाड-नोंदवही असावी, अशी सूचना येथे करावीशी वाटते. तिच्यात दिनांक व वेळ, पडद्यावरील संदेश शब्दशः, दिव्यांची स्थिती, दुसऱ्या साधनावरील चाचणीचा निष्कर्ष, तक्रारीचा क्रमांक, आणि जोडणी पूर्ववत झाल्याची वेळ एवढे सहा रकाने पुरेत. तीन महिन्यांच्या नोंदी पाहिल्या तर बिघाडाचे स्वरूप आपोआप दिसू लागते. दर सोमवारी दुपारी जोडणी जात असेल तर कारण आठवडेबाजाराच्या दिवशीच्या विजेत शोधता येईल. पाऊस पडला की जात असेल तर बाहेरच्या पेटीत पाणी शिरत असेल. अशी वही ग्रामसभेपुढे ठेवली तर चर्चेला आरोपांऐवजी माहितीचा आधार मिळेल.

शिक्षकांनाही या कामी मोठा वाटा उचलता येईल. राउटरचे दिवे वाचणे, पिंगची आज्ञा देणे, दोन साधनांवर तुलना करणे, हे प्रयोग सातवी-आठवीचे विद्यार्थी आनंदाने करतात. निरीक्षण, अनुमान व पडताळा या विज्ञानाच्या तीन पायऱ्या शिकविण्यास याहून सुलभ साहित्य क्वचितच मिळेल.

यंत्र थांबले तरी हक्क थांबत नाही

आता मुख्य मुद्दा. वरील सर्व पायऱ्या तपासूनही जोडणी झाली नाही, तर रांगेतील माणसाने काय करावे?

राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलोग्रॅम आणि अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलोग्रॅम धान्य मिळण्याचा हक्क आहे. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य देण्यात येते. हा हक्क कायद्याने दिलेला आहे. यंत्राने दिलेला नाही. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना दिलेल्या सूचनांत स्पष्ट केले आहे की, जोडणीचा अभाव, यंत्रातील बिघाड वा ठसा न जुळणे या कारणास्तव कोणाही पात्र लाभार्थ्यास धान्य नाकारू नये. त्याची ओळख अन्य मार्गाने पटवून धान्य द्यावे आणि त्याची अपवाद म्हणून स्वतंत्र नोंद ठेवावी. धान्य नाकारले गेल्यास तहसील कार्यालयात, १९६७ या मदत क्रमांकावर वा जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते.

दाखल्यांच्या बाबतीतही हेच सूत्र लागू करावयास हवे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क असून अर्जाची पोच देणे कार्यालयाचे कर्तव्य आहे. जोडणी नसेल तर कागदावर अर्ज घ्यावा, दिनांकासह पोच द्यावी आणि जोडणी येताच तो यंत्रात भरावा. अर्जदारास पुन्हा हेलपाटा घालावयास लावू नये. 'उद्या या' या दोन शब्दांची किंमत सांगणाऱ्याला पडत नाही. ती ऐकणाऱ्याला एका दिवसाच्या मजुरीने मोजावी लागते.

दुकानदाराच्या अडचणीही लक्षात घेतल्या पाहिजेत. नोंदवहीवर धान्य दिले तर पुढे हिशेबात आपणास जाब विचारला जाईल, ही त्याची भीती निराधार नसते. अपवादाची नोंद कशी करावी, तिच्यावर साक्षीदार कोण असावा आणि ती केव्हा तपासली जाईल, हे पुरवठा अधिकाऱ्याने त्याला आधीच लेखी सांगितले तर ही भीती दूर होईल आणि तो मोकळेपणाने निर्णय घेईल. दक्षता समितीच्या सदस्यांनी महिन्यातून एकदा ही नोंद पाहिली तर गैरवापरासही आळा बसेल.

त्या दिवशी दुपारी आजीबाईंचे बोट चौथ्या प्रयत्नात जुळले. पिशवी भरली गेली आणि पावतीचा कागद त्यांनी पदराच्या गाठीत बांधला. जाताना त्यांनी ओसरीवरील यंत्राकडे पाहिले व दुकानदाराला म्हणाल्या, "आता ह्याला हितंच ठिव रं बाबा. आत नगं नेऊ."

बिघाडाचे एवढे अचूक निदान सकाळपासून कोणीही केले नव्हते.